आधी चिकटवू नका: मेटल डिटेक्टरची डीडी कॉइल बॅलन्स करायचा नेमका क्रम

घरी मेटल डिटेक्टर बनवणाऱ्यांचं सर्किट सहसा चालतं. गाडी अडते ती कॉइलपाशी, आणि तक्रार ठरलेली असते: "टेबलावर ८ मिलिव्होल्ट होते, एपॉक्सी ओतल्यावर २०० झाले." किंवा, "काल नल बरोबर होता, आज सकाळी गेला." यात हाताचा दोष क्वचितच असतो. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. जे शेवटी करायचं ते आधी केलेलं असतं, आणि जे आधी बसवायला हवं होतं ते शेवटी.

एका परिच्छेदात तत्त्व सांगतो आणि कामाला लागू. डीडी म्हणजे इंग्रजी D च्या आकाराच्या, सरळ बाजूंनी एकमेकींवर चढवलेल्या दोन कॉइल. ट्रान्समिट कॉइलच्या (पुढे टीएक्स) पोटातून चुंबकीय रेषा वर जातात आणि बाहेरून वळून खाली येतात. रिसीव्ह कॉइल (आरएक्स) तिच्यावर अशी अर्धवट सरकवून ठेवायची, की आरएक्सच्या पोटातून जेवढ्या रेषा वर जातील तेवढ्याच खाली येतील. बेरीज शून्य, म्हणून सिग्नलही जवळजवळ शून्य. हाच नल; वरच्या तक्रारीतले मिलिव्होल्ट म्हणजे त्यात उरलेला सिग्नल. धातू जवळ आला की हा तोल बिघडतो आणि डिटेक्टर वाजतो.

खालचे आकडे एका नेहमीच्या मांडणीचे आहेत: टीएक्स ६ मिलिहेन्री आणि तिच्यासोबतचा कपॅसिटर २२ नॅनोफॅरड, म्हणजे साधारण १३.८ किलोहर्ट्झ. आरएक्स ६.५ मिलिहेन्री आणि तिचा कपॅसिटर १५ नॅनोफॅरड, म्हणजे साधारण १६.१ किलोहर्ट्झ. दोन्हींचा रेझोनन्स (कॉइल आणि कपॅसिटरची जोडी ज्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात जोरात साथ देते ती) मुद्दाम वेगळा ठेवलाय. अगदी एकावर एक आणला तर सिग्नल वाढतो खरा, पण तापमान थोडं बदललं तरी फेज (एक लाट दुसरीच्या किती पुढे-मागे आहे ते) भरकटतो. तुमच्या सर्किटचे आकडे वेगळे असतील, क्रम मात्र हाच.

## १. जागा आणि सामान

लोखंडी टेबल, स्टीलच्या कपाटाशेजारची जागा, कॉट, शिलाई मशीन हे सगळं बाद. लाकडी टेबल चालेल, पण खालून खिळे आणि पट्ट्या तपासा. स्लॅबमध्ये सळया असतात, म्हणून जमिनीवर बसून हे काम करू नका. कॉइल जमिनीपासून हातभर तरी वर हवी. मी दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर प्लायची फळी टाकतो, तिला एकही खिळा नाही.

सामानातल्या मोजक्याच गोष्टींबद्दल बोलतो, कारण घोळ तिथेच होतो.

वायर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. ३३ गेज (सुमारे ०.२५ मिलिमीटर) इनॅमल्ड तांब्याची १०० ग्रॅम घ्या. दोन्ही कॉइल होऊन थोडी उरेल.

कपॅसिटर फिल्मचेच हवेत, पॉलिप्रॉपिलीन मिळाले तर उत्तम. साधे सिरॅमिक डिस्क लावू नका. खोली तापली की त्यांची किंमत बदलते आणि तुम्ही दिवसभर कॉइलला दोष देत बसता.

केबलमध्ये टीएक्स आणि आरएक्सच्या जोड्यांना स्वतंत्र शील्ड (धातूचं वेष्टण) हवं. एकाच शील्डमध्ये चारही वायरी असतील तर टीएक्सचा सिग्नल केबलमधूनच आरएक्समध्ये उतरतो आणि कॉइल कितीही सरकवा, नल एका मर्यादेखाली जात नाही.

कॉइलच्या खोक्यासाठी प्लायवूड टाळा. पावसाळ्यात ते फुगतं आणि नल त्याच्याबरोबर सरकतो. पाट्या बनवणाऱ्याकडून ३ मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिक शीट कापून आणा.

मोजायला दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप हवा, छोटा हातातला असला तरी चालेल. साधा मल्टिमीटर या कामाचा नाही. स्वस्त मीटरची एसी रेंज काहीशे हर्ट्झपर्यंतच खरी असते, १४ किलोहर्ट्झला तो काहीही दाखवतो.

## २. गुंडाळणं

यात फार वेळ घालवत नाही. २०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर खिळे किंवा प्लास्टिकच्या खुंट्या लावून गुंडाळा. गोल आकारात ६ मिलिहेन्रीला अंदाजे ११० फेरे लागतात. पण गोल चेपून डी केला की पोटाचं क्षेत्रफळ घटतं आणि इंडक्टन्स (मिलिहेन्रीचा आकडा) उतरतो. म्हणून टीएक्सला ११८ ते १२० आणि आरएक्सला चार-पाच जास्त फेरे द्या, डीचा आकार द्या आणि मग मोजा. जास्त भरलं तर फेरे सोडवता येतात. कमी पडलं तर जोड द्यावा लागतो, आणि तो जोड पुढे डोकेदुखी होतो.

सुरुवातीच्या टोकाला लाल आणि शेवटच्या टोकाला काळी स्लीव्ह आत्ताच चढवा. दोऱ्यानं घट्ट बांधा आणि वाइंडिंगच्या वॉर्निशमध्ये भिजवून वाळवा. एकही फेरा सैल राहिला तर कॉइलला टिचकी मारली तरी डिटेक्टर ओरडेल, आणि गवताला घासल्यावर तर बोलायलाच नको.

तपासणी: टीएक्सचा डीसी रोध २४ ते २८ ओहमच्या आसपास यावा. बराच कमी असेल तर फेरे मोजण्यात चूक आहे किंवा कुठेतरी इनॅमल खरवडून फेरे एकमेकांना चिकटलेत.

## ३. शील्डिंग, आणि इथली फसवी परीक्षा

कॉइलवर कॉटन टेप, तिच्यावर उघडी टिन केलेली बारीक वायर लांब आट्यांनी, आणि त्यावर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल. फॉइलचं वेटोळं पूर्ण करायचं नाही. केबल जिथून निघते तिथे सेंटिमीटरभर फट सोडायची, आणि बारीक वायरही त्या फटीवरून पलीकडे न्यायची नाही.

फट राहिली नाही तर फॉइल ही स्वतःच एका फेऱ्याची शॉर्ट झालेली कॉइल बनते आणि टीएक्सची ताकद गिळते. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. चूक पुढे होते. लोक फटीच्या दोन्ही बाजूंना मल्टिमीटर लावून बघतात. तो वाजतो, आणि ते घाबरून फॉइल उचकटतात. अहो, वाजणारच! फॉइल पलीकडच्या बाजूनं सलग आहेच की. वेटोळं उघडं असो की बंद, मीटर दोन्ही वेळा वाजतो.

दुसरी फसगत इंडक्टन्स मोजणाऱ्या एलसीआर मीटरची. पातळ फॉइलचा बंद फेरा १ किलोहर्ट्झला जवळजवळ काहीच दाखवत नाही, इंडक्टन्स होता तेवढाच दिसतो. त्यामुळे खरी परीक्षा कामाच्या फ्रिक्वेन्सीवरच घ्यायची. शील्डिंगच्या आधी कॉइल डिटेक्टरच्या ऑसिलेटरला जोडून तिच्यावरचे व्होल्ट स्कोपवर टिपून ठेवा. शील्डिंग झालं की पुन्हा बघा. किंचित उतार चालतो. १२ व्होल्टांचे २-३ झाले, तर वेटोळं कुठेतरी बंद झालंय. आरएक्सलाही तात्पुरतं टीएक्सच्या जागी जोडून हीच परीक्षा घ्या.

सावधान: दोन्ही कॉइलची शील्डं एकमेकींना कॉइलच्या खोक्यात जोडू नका. दोन्ही केबलमधल्या आपापल्या शील्डमधून जाऊन सर्किटच्या डब्यातच, एका ठिकाणी ग्राउंडला मिळू द्या.

## ४. जे शेवटी असणार आहे ते सगळं आत्ता जोडा

माझ्या मते सगळ्यात जास्त कॉइल इथे वाया जातात. लोक मोकळ्या वायरी मगरपकडीला लावून नल काढतात आणि केबल नंतर सोल्डर करतात. केबल आली की तिचा कपॅसिटन्स आला, जोडाच्या वायरींचं नवं वेटोळं आलं, आणि जुन्या नलला काही अर्थ उरला नाही.

म्हणून अंतिम केबल, पूर्ण लांबीची, अंतिम प्लगसकट जोडा. खोक्यात शिरल्यावर प्रत्येक जोडीची टोकं घट्ट पिळून ठेवा. पिळलेली नसलेली चार सेंटिमीटर वायर म्हणजे आरएक्सचा एक छोटा, हलणारा फेराच. केबल ग्लँड (खोक्याच्या भोकात केबल घट्ट धरणारा नट) आवळा आणि बाहेरून केबल ओढून बघा, आतल्या वायरी हलता कामा नयेत.

आरएक्स सोल्डर करताना तिच्या एका टोकाची ७-८ सेंटिमीटर वायर जास्त सोडा आणि तिचा एक यू-आकाराचा सैल फेरा करा. तो टीएक्सच्या पोटात लोळवता येईल अशा बेतानं ठेवायचा. हा फेरा पुढे सोन्याच्या मोलाचा ठरतो.

आता सर्किट चालू करा आणि वीस मिनिटं तसंच राहू द्या. चहा घ्या. थंड सर्किटवर काढलेला नल म्हणजे गार तव्यावरची भाकरी.

## ५. ढोबळ नल

स्कोपचा चॅनेल १ टीएक्सवर, प्रोब (मोजायची वायर) १०एक्सवर, म्हणजे सिग्नल दहापट लहान करून. चॅनेल २ आरएक्सवर, प्रोब १एक्सवर. १एक्स प्रोब सुमारे १०० पिकोफॅरड वाढवतो, पण १५ नॅनोफॅरडपुढे तो एक टक्काही नाही.

ट्रिगर (स्कोप ज्या लाटेला धरून चित्र स्थिर ठेवतो ती) चॅनेल १ वर ठेवा. ट्रिगर आरएक्सवर राहिला तर फेज फिरलेला तुम्हाला दिसणारच नाही, आणि पुढचं सगळं फेज बघण्यावरच अवलंबून आहे.

टीएक्स खोक्यात टेपनं पक्की करा. आरएक्स तिच्यावर बरीच सरकवून ठेवा, म्हणजे स्कोपवर काही व्होल्टांची लाट दिसेल. आता आरएक्स हळूहळू बाहेर ओढा. लाट लहान होत जाते, एका जागी जवळजवळ सपाट होते, आणि आणखी ओढलं की पुन्हा मोठी होते, पण उलटी. आधी टीएक्सच्या लाटेसोबत शिखर येत होतं, आता तिथे दरी येते. सपाट झालेली ती जागा म्हणजे नल.

नवशिक्यांचा खोटा नलही इथेच सापडतो. आरएक्स फार दूर नेली तरी लाट लहान होतेच, आणि काही जण तिथेच थांबतात. ओळख सोपी आहे: खऱ्या नलच्या दोन बाजूंना लाटेची दिशा वेगवेगळी असते. दूर नेल्यानं लहान झालेली लाट उलटत नाही.

जागेचा अंदाज हवा असेल तर सारख्या मापाच्या दोन गोल कॉइलींच्या केंद्रांमधलं अंतर व्यासाच्या सुमारे पाऊणपट असताना नल येतो. २०० मिलिमीटरच्या दोन गोलांसाठी सुमारे १५० मिलिमीटर. डी आकारात सरळ बाजू एकमेकींवर येतात, तिथे हे माप लागू पडत नाही, स्कोप सांगेल तेच खरं.

तपासणी: नलच्या जागी आरएक्स किंचित, कागदाच्या जाडीएवढी सरकवा. एक दशांश मिलिमीटरला १० ते २० मिलिव्होल्टांची उडी दिसेल. एपॉक्सी ओतताना काय होऊ शकतं, याची भीती मनात बसायला ही उडी पुरेशी आहे.

आणि दिशा आत्ताच तपासा. डिटेक्टर लावून लोखंडी खिळा आणि पितळेचा तुकडा फिरवा. ओळख उलटी येत असेल तर आरएक्सची दोन टोकं अदलाबदल करा. एपॉक्सीनंतर हे कळून उपयोग नाही.

## ६. किती खाली जायचं?

शून्याच्या मागे लागू नका. लाट सपाट होते असं वर म्हटलं, पण ती कधीच पूर्ण सपाट होत नाही. उरतो तो भाग शील्डमधल्या भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या प्रवाहांचा आणि कपॅसिटिव्ह गळतीचा. टीएक्सच्या तुलनेत त्याचा फेज वेगळा असतो, म्हणून कॉइल सरकवून तो जात नाही. आरएक्स सरकवत राहिलात तर एका जागी लाटेची उंची कमीत कमी होते आणि मग लाट नुसती आडवी सरकते. तळ लागला असं समजा.

आरएक्सचा सिग्नल मोठा करणाऱ्या पुढच्या प्रीअँपला जेवढं झेपतं तेवढं पुरे. त्याचं गेन १०० (म्हणजे शंभरपट) असेल तर २० मिलिव्होल्टांचे २ व्होल्ट होतात, चालतं. १०० मिलिव्होल्टांचे १० व्होल्ट होतील, आणि ±५ व्होल्टांवर चालणारा आयसी तिथेच छताला जाऊन टेकेल. म्हणून मी पीक टू पीक (शिखरापासून दरीपर्यंत) २० मिलिव्होल्टांच्या आत आलो की थांबतो. ४ मिलिव्होल्ट पण रोज हलणारा नल आणि १८ मिलिव्होल्ट पण जागचा न हलणारा नल, यांत मी डोळे झाकून दुसरा घेईन.

## ७. एपॉक्सी

माझ्या पहिल्या कॉइलची गोष्ट सांगतो. ९ मिलिव्होल्ट आले होते. आनंदात पाव किलो एपॉक्सी प्लास्टिकच्या मगमध्ये एकदम मिसळलं आणि ओतलं. अर्ध्या तासात मग वाकला, खोकं हाताला चटके देऊ लागलं. सकाळी मोजलं तर ३४० मिलिव्होल्ट. एपॉक्सी घट्ट होताना तापतं, तापल्यानं अ‍ॅक्रिलिक वाकतं, आणि थंड होताना ते आकसून कॉइल ओढून घेतं. जाड थर जास्त तापतो, जास्त ओढतो. ती कॉइल अजून माळ्यावर आहे.

तेव्हापासूनचा क्रम असा.

पहिला दिवस. फक्त टीएक्स. संथ हार्डनरचं ३०-४० ग्रॅम एपॉक्सी पसरट ताटलीत मिसळा, खोल कपात नाही. टीएक्सच्या कडेनं पातळ थर द्या. आरएक्स बाजूला काढून ठेवा, तिला थेंबही लागू देऊ नका. २४ तास थांबा.

दुसरा दिवस. आरएक्स ठेवून पुन्हा ढोबळ नल काढा. आता आरएक्सची बाहेरची गोलाई तेवढी पाच मिनिटांत सेट होणाऱ्या एपॉक्सीच्या चार-पाच थेंबांनी टाचा. एक थेंब, पाच मिनिटं, स्कोप बघा, मग पुढचा थेंब. आतली सरळ बाजू मोकळी राहू द्या.

मग बारीक काम. ती सरळ बाजू आईस्क्रीमच्या काडीनं इकडे-तिकडे ढकलून नल खाली आणा. स्क्रू ड्रायव्हर जवळ नेऊ नका, त्यानंच वाचन बदलतं. हातातली अंगठी आणि घड्याळ काढा. २० मिलिव्होल्टांच्या आसपास आलं की ही बाजूही थेंबांनी टाचा आणि रात्रभर ठेवा.

तिसरा दिवस. आता ओतायचं. एका वेळी ३-४ मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. सैल ठेवलेल्या यू-फेऱ्याभोवती मातीचा किंवा एम-सीलचा छोटा बांध घाला, म्हणजे तेवढा कप्पा कोरडा राहील. प्रत्येक थरानंतर पूर्ण थंड होईपर्यंत थांबा आणि आकडा वहीत लिहा. गरम असताना दिसणाऱ्या आकड्याला किंमत देऊ नका.

तपासणी: दोन थरांमध्ये १०-१५ मिलिव्होल्टांचा फरक आला तर ठीक. ५० च्या वर गेला तर पुढचा थर ओतू नका. कुठेतरी वायर हलतेय, ती आधी शोधा.

## ८. यू-फेऱ्यानं शेवटचा हात

सगळं घट्ट झाल्यावर जो थोडा फरक राहिलाय तो या फेऱ्यानं काढायचा. तो टीएक्सच्या पोटात सपाट ठेवला की आरएक्समध्ये थोडा सिग्नल मिळवतो, पीळ देऊन उलटा लोळवला की तेवढाच वजा करतो, उभा केला की काहीच करत नाही. सपाट आणि उलटा यांत मिळून १०-२० मिलिव्होल्टांचा पल्ला मिळतो. कमी पडला तर फेरा टीएक्सच्या तारेजवळ सरकवा, तिथे क्षेत्र जास्त असतं.

काही जण यासाठी अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे चिकटवतात. मी टाळतो. त्यानं उंचीबरोबर फेजही बदलतो, आणि तो तुकडा म्हणजे कायमचा एक खोटा धातू कॉइलच्या पोटात.

फेरा बसला की त्याच्यावर पाच मिनिटांच्या एपॉक्सीचा थेंब, मोजणी, आणि मग कप्पा भरून टाका.

## ९. झाकण लावण्याआधीच्या परीक्षा

टिचकी: खोक्याच्या कडेला टिचक्या मारा, केबल हलवा. स्कोपवरची लाट थरथरू नये.

ऊन आणि गारवा: कॉइल तासभर उन्हात ठेवा, सावलीत आणून मोजा. मग तासभर फ्रीजमध्ये ठेवा, आणि बाहेर, फ्रीजपासून दूर नेऊन मोजा. २० अंशांच्या फरकानं तांब्याचा रोध जवळजवळ ८ टक्क्यांनी बदलतो, त्यामुळे टीएक्सचे व्होल्ट थोडे हलणारच. आरएक्सचा आकडा सामान्य तापमानाला परत आल्यावर मूळ जागी यायला हवा. आला नाही तर काहीतरी कायमचं सरकलंय.

दगड: जांभ्याचा चिरा किंवा काळ्या बेसॉल्टचा मोठा तुकडा कॉइलखाली न्या आणि वर-खाली करा. कोकण असो की देश, आपल्या जमिनीत लोहखनिज भरपूर आहे, हवेतली परीक्षा इथे पुरत नाही. दगडानं प्रीअँप छताला टेकत असेल तर नल अजून खाली आणायला हवा.

नाणी: रुपयाचं स्टीलचं नाणं चुंबकाला चिकटतं, पाच रुपयांचं पिवळं निकेल-ब्रासचं चिकटत नाही. दोन्ही फिरवा. आवाज किंवा काटा वेगळा आला पाहिजे. ही परीक्षा अंगणातच करा, गडावर नको. संरक्षित स्मारकांच्या जागी परवान्याशिवाय उकरणं गुन्हा आहे, आणि १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

## १०. बंद केलेली कॉइल पुढे सरकली तर

आधी कॉइल फोडायला धावू नका. प्लग साफ करा, केबल बदलून बघा, कपॅसिटर मोजा. माझ्या हातून दुरुस्त झालेल्या "बिघडलेल्या" कॉइलींपैकी बऱ्याच प्लगमधल्या गंजानंच आजारी होत्या, त्यातही पावसाळ्यानंतर.

खरंच नल सरकला असेल आणि आकडा ३०-४० मिलिव्होल्टांच्या आत असेल तर प्रीअँपचं गेन थोडं कमी करून चालवा. त्याहून जास्त असेल तर यू-फेऱ्याचा कप्पा उकरा. म्हणूनच त्या कप्प्यात कडक एपॉक्सीऐवजी सिलिकॉन सीलंट भरलेलं बरं, पण न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट तांब्याला खातं. कप्पा कुठे आहे ते झाकणावर मार्करनं लिहून ठेवा, शेजारी शेवटचा आकडा आणि तारीखही. दोन वर्षांनी हातात ड्रिल घेऊन उभं राहिल्यावर तो कप्पा कुठे होता हे आठवत नाही.